तीन पायऱ्यांचा दवाखाना: रॅम्पचं माप शेवटी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर तीन डॉक्टरांचं पॉलिक्लिनिक आहे. दाराशी तीन पायऱ्या, एकूण उंची सुमारे दीड फूट. दर्शनी बाजू २२ फूट, पण पायऱ्यांपुढे सोसायटीच्या रहदारीच्या वाटेपर्यंत जागा सहाच फूट. सध्या लागेल तेव्हा सात फुटी लोखंडी रॅम्प टाकतात, तो फार उभा होतो, म्हणून शेवटी कंपाउंडर आणि रिक्षावाला मिळून पेशंटला खुर्चीसकट उचलतात. पक्का रॅम्प बसेल का, आणि ‘मोकळ्या जागेत बांधकाम नको’ म्हणणाऱ्या चेअरमनसाहेबांचं काय करायचं, असं डॉक्टरांनी विचारलं आहे.

डॉक्टर, रॅम्प बहुधा बसेल. कसा, ते मापांसकट खाली सांगतो. पण आधी एक गोष्ट. तुम्ही रॅम्पबद्दल विचारलंत, अडचण मात्र रिक्षातून उतरल्यापासून तपासणीच्या टेबलावर आडवं होईपर्यंतच्या सगळ्या वाटेची आहे. तिच्यात एक जागा अडली तरी बाकीचा खर्च फुकट. मी आराखडा नेहमी उलटा करतो: टेबलापासून सुरुवात, मग संडास, मग दारं, आणि सगळ्यात शेवटी पायऱ्या. कारण रॅम्प कोणत्या बाजूला उतरणार हे दार कुठे येतं यावर ठरतं, आणि दार कुठे येणार हे आतल्या मांडणीवर. आधी रॅम्प ओतून मोकळे झालेले दवाखाने पुढे दोन वर्षं आतलं फर्निचर ढकलत बसतात.

टेबलापासूनच बघू. बाजारात मिळणारं साधं तपासणीचं टेबल ३० ते ३२ इंच उंच असतं. व्हीलचेअरची बैठक १८ ते २० इंच. म्हणजे पायात ताकद नसलेल्या माणसाला फूटभर वर चढवायचं. इथे पुन्हा उचलाउचल होते, किंवा ‘खुर्चीतच बसा, वरवर बघतो’ असं होतं. पोट, कंबर, बसून बसून झालेली जखम ही खुर्चीत बसलेल्या माणसाची नीट तपासता येत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे तीनपैकी निदान एका खोलीत खालीवर होणारं टेबल घ्या, जे खाली १८-१९ इंचांपर्यंत येतं. पायाने पट्टी दाबून चालणारं हायड्रॉलिक चालेल, विजेचं असेल तर उत्तम. घेताना वाकून टेबलाच्या खाली बघा. ड्रॉवरचं कपाट जमिनीपर्यंत आलेलं असेल तर व्हीलचेअरचे पायदान आत सरकत नाहीत आणि उद्या उचलायची होइस्ट आणलीत तर तिचे पाय शिरायला जागा उरत नाही. जमिनीपासून सहा इंच मोकळे हवेत. टेबलाच्या एका लांब बाजूला किमान ९०० मिमी जागा रिकामी ठेवा. बहुतेक केबिनमध्ये टेबल भिंतीला आणि दुसऱ्या बाजूला औषधांची ट्रॉली असते. ती ट्रॉली हलवणं हे या अख्ख्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम.

याच्या जोडीला दवाखान्याची स्वतःची व्हीलचेअर बघा. हात घट्ट बसवलेले असतील तर बाजूने टेबलावर सरकता येत नाही, मग टेबल कितीही खाली आलं तरी उपयोग शून्य. हात वर उचलले जाणारी आणि पायदान बाजूला फिरणारी खुर्ची घ्या. सोबत एक सरकफळी ठेवा. दोन-सव्वादोन फुटांची गुळगुळीत फळी, एक टोक मांडीखाली, दुसरं टेबलावर. आणि वजनकाटा. उभं राहता न येणाऱ्या पेशंटचं वजन अंदाजाने लिहिलं जातं आणि त्यावर औषधाचा डोस ठरतो. खुर्ची चढेल असा सपाट प्लॅटफॉर्म काटा घ्या, खुर्चीसकट वजन करा आणि रिकाम्या खुर्चीचं वजा करा. ते वजन खुर्चीच्या पाठीमागे रंगाने लिहून ठेवलं की दर वेळी शोधाशोध नको.

आता संडास. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. दुकानाच्या गाळ्यात काढलेल्या दवाखान्यात संडासाची जमीन बऱ्याचदा अर्धा फूट वर असते. खाली पाइप टाकायला खोली नसते, म्हणून प्लंबर कोबा करून त्यातून पाइप नेतो आणि आत शिरताना एक पायरी तयार होते. ही पायरी रॅम्पने घालवू नका, आत तेवढी जागाच नसते. भिंतीला टांगलेला कमोड लावा, ज्याचा निचरा मागच्या भिंतीतून थेट बाहेरच्या चेंबरकडे जातो. मग जमीन खाली आणता येते. साडेचार इंची भिंतीवर कमोडचा भार टाकू नका. जमिनीवर बोल्ट केलेली लोखंडी चौकट मिळते, ती लावा. बैठकीची उंची ४५० ते ४८० मिमी.

जागेचं म्हणाल, तर नव्या बांधकामात २००० × २२०० मिमीचा आग्रह धरा. जुन्या गाळ्यात तेवढं मिळालं नाही तरी १५०० × १७५० च्या खाली उतरू नका. तुमच्याकडे पेशंटचा आणि स्टाफचा असे दोन शेजारी-शेजारी चार बाय साडेतीन फुटी संडास असतील, तर मधली भिंत काढून आणि पुढची भिंत फूटभर पॅसेजमध्ये सरकवून १५०० × २२०० च्या आसपास एकच चांगला संडास होतो, सगळ्यांना वापरता येईल असा. मधली भिंत निव्वळ पार्टिशन आहे ना, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. कमोड एका टोकाला, त्याची मध्यरेषा बाजूच्या भिंतीपासून ४५० मिमी, आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला किमान ९०० मिमी मोकळे. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दाराशी माणूस पडला तर दार उघडतच नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. जेटची नळी मोकळ्या बाजूच्या हाताला येईल तिथे, कमोडच्या मागे नको.

धरायच्या दांड्यांबद्दल जरा खोलात जातो, कारण अपघात इथे होतात. दांडी स्वतः तुटत नाही, भिंतीतून उपटून येते. साडेचार इंची वीटभिंत असो की हलक्या ब्लॉकची, प्लास्टिकच्या गिट्टीत स्क्रू पिळून दांडी लावली की ती टॉवेल टांगण्यापुरतीच. आरपार बोल्ट घ्या आणि पलीकडच्या बाजूला सहा मिमी जाडीची लोखंडी पट्टी द्या. ते जमत नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट, पण तोही भरीव विटेत. भिंतीकडे एक आडवी-उभी ‘एल’ आकाराची आणि मोकळ्या बाजूला वर उचलली जाणारी. भिंतीपासून दांडीचं अंतर ५० मिमी. जास्त ठेवलंत तर हात कोपरापर्यंत मध्ये अडकतो. बसवल्यावर फॅब्रिकेटरला स्वतःला त्यावर पूर्ण भार टाकून लोंबकळायला सांगा. तो कचरला, तर उत्तर मिळालं.

मदतीची दोरी जमिनीपासून ३०० मिमीपर्यंत खाली यायला हवी. पडलेल्या माणसाच्या हाताला लागली पाहिजे. सफाईवाले ती गुंडाळून वर बांधतात, लक्ष ठेवा. आणि त्याच संडासात बादल्या, पोछे, जुना पंखा ठेवायची सवय लागली की ९०० मिमीची मोकळी जागा महिन्याभरात नाहीशी होते. सामानाला वेगळी जागा नेमून दिल्याशिवाय हे थांबत नाही.

दारांच्या बाबतीत एक हिशेब कायम चुकतो. सुतार ‘तीन फुटी दार’ म्हणतो ते भिंतीतल्या भोकाचं माप. त्यातून दोन्हीकडची चौकट गेली, उघडलेल्या फळीची जाडी गेली, की हातात सुमारे ३० इंच उरतात. दवाखान्यातली साधी घडीची व्हीलचेअर २६ ते २८ इंच रुंद असते, त्यावर चाक ढकलणारी बोटं. माणूस जातो, पण सालपटं काढून. मोकळी वाट ९०० मिमी हवी असेल तर भिंतीतलं भोक साडेतीन फूट लागतं. भिंत फोडायची नसेल तर बाहेरून वरच्या रुळावर सरकणारं दार लावा. तीन फुटी भोकात चौकट काढून टाकली की जवळजवळ सगळी रुंदी मिळते. जमिनीतला रूळ नको, चाकं अडतात आणि त्यात केस साचतात. उंबरे काढा. संडासाच्या दाराची संगमरवरी पट्टी पाणी अडवायला लागतेच, तर १२ मिमीपेक्षा उंच नको आणि कड दोन्हीकडून घासून तिरकी. दर्शनी काचेच्या दाराला फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप मिटवणारी, जमिनीत बसवलेली स्प्रिंग) असेल तर त्याचा जोर स्क्रूने कमी करता येतो. बहुतेकांना हे माहीत नसतं आणि कुबड्या घेतलेला माणूस त्या दाराशी कुस्ती खेळतो. काचेवर ९०० ते १००० मिमी उंचीवर ठळक पट्टी चिकटवा, कमी दिसणाऱ्यांसाठी. काउंटरचा तीन फूट भाग ७५० ते ८०० मिमीवर उतरवला आणि खाली गुडघ्यांना जागा ठेवली की रिसेप्शनचं काम संपलं.

आता तुमच्या पायऱ्या. चढ १:१२ पेक्षा उभा नको, म्हणजे एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी. दीड फूट म्हणजे ४५० मिमी उंचीला ५.४ मीटर लांबी, पावणेअठरा फूट. वर दारासमोर १५०० × १५०० मिमीचा सपाट चौथरा, खाली तेवढीच सपाट जागा. तुमचा आत्ताचा लोखंडी रॅम्प १:४.५ च्या आसपास पडतो. पेशंट आणि खुर्ची मिळून १०० किलो धरले, तर १:१२ वर ढकलायला साधारण आठ किलोचा जोर लागतो आणि तुमच्या रॅम्पवर वीस-एकवीस किलोचा, तोही पावसात ओल्या पत्र्यावर. चढताना दम लागतो एवढंच. उतरताना खुर्ची हातातून सुटते. तो रॅम्प आजपासून वापरू नका, असंच सांगेन. काम होईपर्यंत खाली ९०० मिमी उंचीवर एक बेल लावा आणि उचलायचंच असेल तर दोन माहितगार माणसं ठरवून ठेवा. रिक्षावाला हा तुमचा स्टाफ नव्हे.

२२ फूट म्हणजे ६.७ मीटर. ५.४ मीटर रॅम्प आणि दीड मीटर चौथरा मिळून ६.९ झाले, वर पायऱ्याही हव्यात. पहिल्या नजरेला बसत नाही. इथे गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी कामाला येते. दर्शनी बाजूच्या दोन्ही टोकांना आतल्या फरशीपासून जमिनीची खोली नळीने मोजा. वाटेला उतार असतोच. एका टोकाला ४५० निघाले तर दुसऱ्याला ३८० निघू शकतात. रॅम्प त्या उंच टोकाकडे उतरवायचा. एक सेंटिमीटर उंची वाचली की बारा सेंटिमीटर लांबी वाचते. ३८० ला ४.५६ मीटर लागतात. त्यात चौथरा १.५ आणि दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्या पायऱ्यांना ०.६, एकूण ६.६६. बसलं, पण चार सेंटिमीटर शिल्लक ठेवून कोणी काम करत नाही. म्हणून दाराच्या आतली फरशी तपासा. जुन्या गाळ्यांत फरशीवर फरशी बसवलेली असते. दाराशी मीटरभर पट्ट्यात वरचा थर काढला आणि आत १:२० चा हलका उतार दिला तर ४० ते ५० मिमी आणखी मिळतात, म्हणजे बाहेर अर्धा मीटर. एवढी सूट पुरते.

सहा फुटांच्या खोलीत हे असं मांडा: चौथरा दारासमोर, रॅम्प भिंतीला समांतर एका बाजूला, पायऱ्या त्याच रेषेत दुसऱ्या बाजूला. पायऱ्या समोरून उतरवल्यात तर चौथऱ्याचे दीड मीटर आणि पायऱ्यांचे साठ सेंटिमीटर मिळून तुम्ही वाटेवर जाल. अर्थात दार पायऱ्यांच्या टोकाजवळ असेल तरच हे जमतं. दार मधोमध असेल तर ते सरकवावं लागेल, आणि म्हणूनच आतली मांडणी आधी ठरवा म्हटलं. पायऱ्या काढून टाकू नका. कृत्रिम पाय लावलेल्या किंवा गुडघा न वाकणाऱ्या कित्येकांना रॅम्पपेक्षा कठड्याला धरून पायऱ्या सोप्या जातात. प्रत्येक पायरी सारख्या उंचीची, दीडशे मिमीपर्यंत, आणि कडेला ५० मिमीची वेगळ्या रंगाची पट्टी.

रॅम्पची १२०० मिमी रुंदी दोन कठड्यांच्या मधली धरा. कंत्राटदार ती बाहेरून बाहेर मोजतो आणि कठडे आत बसवून हजारावर आणतो. दोन्हीकडचे कठडे, भिंतीपासूनचं अंतर आणि बाहेरचा बंध (कडेची उंच पट्टी) धरून तुमची सुमारे १४०० मिमी जागा जाईल. कठडे ७६० आणि ९०० मिमी अशा दोन उंचींवर, ३८ ते ४५ मिमी गोल पाइप, वर-खाली ३०० मिमी पुढे आलेले आणि टोकं वळवलेली. मोकळ्या कडेला ७५ ते १०० मिमीचा बंध, नाहीतर पुढचं छोटं चाक बाहेर घसरतं. स्टील ३०४ दर्जाचं आहे असं बिलावर लिहून घ्या. २०२ दर्जाचं दिसायला तसंच, पण खाडीच्या हवेत ठाणे काय आणि वाशी-ऐरोली काय, दोन पावसाळ्यांत बुडाशी तांबडं होतं.

पृष्ठभागाला खरखरीत ग्रॅनाइट किंवा झाडू मारलेलं काँक्रीट. पॉलिश केलेली कोटा फरशी आणि गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स ओल्या झाल्या की पाय घसरतो. उठावाच्या चौकटी टाइल्सही टाळा; कण्याचं दुखणं असलेल्या माणसाला त्यावरून खडखडत नेणं हा वेगळा छळ आहे. सगळ्यात जास्त बिघडतं ते खालचं टोक. उतार काँक्रीटवर मोजतात, मग त्यावर फरशी चढते आणि तळाशी वीस-पंचवीस मिमीची कड उरते. त्या कडेला पुढची चाकं अडकून खुर्ची पुढे कलंडते. उपाय सोपा आहे: तळाशी जमीन ७५ मिमी आधीच खोदून रॅम्पचं टोक पेव्हर ब्लॉकच्या पातळीला मिळवायचं. चौथऱ्याला बाहेरच्या बाजूला अगदी हलका उतार आणि दारासमोर जाळीचं गटार, जाळीची फट १२ मिमीपर्यंत आणि पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या. वर शेड घालाच. तुमचं जोतं उंच ठेवलंय ते पाणी आत येऊ नये म्हणूनच, ते कारण आजही तसंच आहे.

चेअरमनसाहेबांकडे वळू. ‘बांधकाम नको’ यामागे बऱ्याचदा साधी, रास्त भीती असते: त्या सहा फुटांत ड्रेनेजचे चेंबर आणि पाण्याची लाइन असते, रॅम्प ओतला तर उद्या चोकअप काढायचा कसा? म्हणून काँक्रीटऐवजी गॅल्व्हनाइज्ड लोखंडी सांगाडा सुचवा, बोल्टवर उभा, वर फायबर सिमेंट बोर्ड आणि खरखरीत थर, चेंबरवरचे तुकडे उचलता येतील असे. हे कायमचं बांधकाम नाही, हेही पटतं. चेंबरच्या जागा आणि अग्निशमन गाडीची वाट दाखवणारा नकाशा जोडून पत्र द्या, समितीचा ठराव लेखी घ्या, आणि महापालिकेच्या शहर विकास विभागाकडून परवानगी कोणती लागते ते आर्किटेक्टमार्फत विचारून घ्या. महापालिकेच्या फुटपाथवर एक इंचही जाऊ नका. बोलणं अडलंच तर कायदा तुमच्या बाजूने आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम २५ सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश मागतं. जुन्या इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त प्रवेशाचे निकष नुसते सल्ल्यापुरते ठेवणारा नियम रद्दबातल ठरवून सक्तीचे निकष करायला सांगितले. हे पत्रात एका परिच्छेदात लिहा, धमकीसारखं नको. रोज त्याच गेटमधून जायचंय.

मोजमापात उंची ४५० च्या खाली आलीच नाही किंवा दार सरकेना, तर उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट माणसाला सरळ वर उचलणारा पाट, हा पर्याय. तीन अटी घाला. खड्डा नको, जुलैत तो टाकी होतो. नियंत्रणाची पेटी पाणी चढतं त्या खुणेच्या वर. वीज गेल्यावर हाताने खाली आणता यायला हवी. लिफ्ट निरीक्षकाच्या परवानगीचं काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि चावी कोणा एकाच्या खिशात ठेवू नका, तो माणूस नेमका जेवायला गेलेला असतो.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा: या आठवड्यात ट्रॉली हलवणं, दाराची स्प्रिंग, पट्ट्या, बेल आणि पायऱ्यांचा कठडा. मग टेबल आणि खुर्ची. मग संडास आणि रॅम्प एकाच कंत्राटात, कारण दोन्हीकडे फोडफोड आहे आणि सोसायटी धूळ एकदाच सहन करते.

काम ताब्यात घेताना चार फुटी स्पिरिट लेव्हल रॅम्पवर ठेवा आणि तिच्या उताराकडच्या टोकाखाली चार इंचांचा ठोकळा. बुडबुडा मध्ये आला तर चढ बरोबर १:१२. ठोकळा कमी पडला तर रॅम्प उभा झालाय. वरपासून खालपर्यंत तीन-चार ठिकाणी बघा, मध्येच पोट आलेलं असतं. रॅम्पच्या पायथ्याशी पिवळा पट्टा आणि ९०० मिमीची वाट सोडून खांब, नाहीतर पहिल्याच दिवशी तिथे स्कूटर लागते. मग व्हीलचेअर वापरणाऱ्या तुमच्याच एखाद्या पेशंटला, फीचे पैसे तुम्ही देऊन, रिक्षापासून टेबलापर्यंत आणि संडासापर्यंत जायला सांगा आणि कोणी हात लावू नका. अडेल तिथे खडूने खूण करा. कंत्राटदाराचे दहा टक्के पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा; पाणी दाराकडे येतं की जाळीत जातं, हे त्याआधी कळत नाही.